डावी बाजू दादाची

बसच्या आगारात तिला सगळे ड्युटीवाल्या बाई म्हणत. कुठल्या गाडीवर कोण चालक, कोण वाहक, कुणाची सुट्टी, कुणाची दुपारपाळी, हे सगळं लावायचं काम तिचं. वरवर सोपं वाटतं. एकदा करून बघा म्हणजे कळेल. एकाची सासू आजारी, दुसऱ्याला तिसऱ्याबरोबर गाडीवर जायचं नाही, चौथा पहाटेची फेरी आली की हटकून आजारी पडतो, आणि एवढं होऊनही पहिली बस वेळेवर फाटकाबाहेर पडली पाहिजे. बाईंचा आवाज चालू इंजिनावरूनही ऐकू जायचा. चालक मंडळी पाठीमागे नावं ठेवत आणि समोर माना खाली घालत. तिच्या तोंडावर थाप मारायची कुणाची छाती नव्हती.

अशा बाईला एका सुट्टीच्या दुपारी बोटभर उंचीच्या, चौकोनी डोक्याच्या एका माणसाने रडकुंडीला आणलं. त्या माणसाकडे येऊच, पण आधी तिच्या दादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर गोष्टीत काही राम नाही.

दादा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. निम्म्या गावाचं हसू त्याच्या हातचं होतं, पण स्वतः मात्र क्वचित हसायचा. शांत माणूस. आता मुलाकडे, दुसऱ्या गावी राहायला निघाला होता, महिनाअखेरीला सामान जायचं होतं. एका संध्याकाळी तो तिच्या दारात भलंमोठं खोकं घेऊन उभा राहिला.

"घर आवरतोय," तो म्हणाला. "माळ्यावर आपला जुना कॉम्प्युटर सापडला. तुला नको असेल तर भंगारात देतो."

"ठेव."

"सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. वहिनी कशी आहे?"

"बरी आहे."

चहा घेणार का विचारलं, तर नको, उशीर होईल म्हणाला. उशीर कसला डोंबलाचा? घर पंधरा मिनिटांवर. पण तिनेही आग्रह केला नाही. तो चपला घालून गेला, आणि ती दार लावून खोक्याकडे बघत राहिली.

वडील, म्हणजे अप्पा, गेल्यापासून दोघांचं हे असंच चाललं होतं. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, भांडायला तर ती एका पायावर तयार असायची. पण झालं होतं ते वेगळंच. दोघं एकमेकांशी चांगलं वागत होते. पाहुण्याशी वागावं तसं. सख्ख्या भावाने बहिणीला 'सगळे बरे आहेत ना' विचारावं, याच्यासारखं वाईट काही नाही.

अप्पा दवाखान्यात असताना डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. ती नको म्हणत होती. या वयात चिरफाड नको, आहेत तसे घरी घेऊन जाऊ, हा तिचा हेका. दादा काहीच ठरवू शकत नव्हता. आणि एके सकाळी अप्पांची तब्येत अचानक ढासळली, नेमकी त्याच सकाळी आगारात चालकांनी गाड्या काढायला नकार दिला. ती फाटकात उभी राहून भांडत होती आणि तिचा फोन टेबलाच्या खणात वाजत होता. वाजत राहिला. ती धावतपळत दवाखान्यात पोचली तेव्हा अप्पांना आत नेलेलं होतं, कागदावर दादाची सही होती. ऑपरेशननंतर अप्पा काही दिवस नळ्यांच्या जाळ्यात पडून होते, पण बोलले नाहीत. मग गेले.

"मला न विचारता?" एवढंच ती त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दादाला म्हणाली होती. दादाने उत्तर दिलं नाही. त्याला तीन वर्षं झाली होती, आणि उत्तर अजून यायचं होतं. आता तो गाव सोडून गेला की कायमचंच राहणार, हे तिला कळत होतं. फोनवर 'सगळे बरे आहेत ना' विचारत दोघं म्हातारे झाले असते.

खोकं आठवडाभर जेवणाच्या टेबलाखाली पडून राहिलं. सगळ्यांचे पाय त्याला लागायचे. नवरा म्हणाला, एक तर उघड नाहीतर टाक. मग सुट्टीच्या दिवशी कपड्यांचं मशीन लावून, आठवड्याची भाजी निवडून झाल्यावर तिने ते उघडलं. पाठीला मोठं पोक असलेला मॉनिटर बाहेर निघाला, तशी कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "आई, यात काय, पाव भाजायचे?"

"मामाला विचार," ती म्हणाली. तोंडातून गेलं खरं, पण मामाला विचारायची सोय कुठे राहिली होती?

वायरी जोडल्या. बटण दाबलं. आधी घरघर झाली, मग किरकिर, आणि लेक दोन पावलं मागे सरकली. ती मात्र जागची हलली नाही. तोच आवाज. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून, हातपाय न धुता ऐकलेला.

शाळेने मोडीत काढलेला हा कॉम्प्युटर अप्पांनी घरी आणला होता. अप्पा त्या शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होते. यंत्रात खेळ एकच. भुयारात हरवलेला एक इवलासा माणूस, हातात मशाल. मशालीला दिवटी म्हणतात म्हणून दादाने त्याचं नाव दिवट्या ठेवलं, आणि तो वागायचाही नावाला जागून. सांगावं एक आणि याने करावं भलतंच.

अप्पांचा नियम कडक होता. प्रत्येकाला अर्धा तास, गजराचं घड्याळ लावून. अर्ध्या तासात दिवट्या जेमतेम दुसऱ्या भुयारापर्यंत पोचायचा आणि गजर व्हायचा. मग दादाने डोकं लढवलं. दोघांनी एकदम खेळलं तर दोघांचे अर्धे तास जोडून पुरता तास होतो. अप्पांनी हे ऐकलं आणि खो खो हसले. "कार्टी बापाला गंडवायला शिकली," म्हणाले, पण तास दिला. तेव्हापासून लोखंडी ट्रंकेवर दोघं खेटून बसायचे. कीबोर्डची डावी बाजू दादाची. तिथली अक्षरं दाबून दिवट्याला चालवायचं, चढवायचं, उडी मारायला लावायचं. उजवीकडचे बाण तिचे. मशाल वरखाली करायची, वटवाघळं हाकलायची, कुलपं उघडायची. दादा सावकाश आणि ती घायकुती, त्यामुळे वाटणी आपोआप झाली, आणि एकदा झाली ती झाली. इतक्या वर्षांत बाजू बदलून बघावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि लाइट गेली की? लाइट तर सारखी जायची. तेव्हा दादा मेणबत्ती लावायचा, सापशिडीच्या खोक्यातला फासा काढायचा आणि खेळ तोंडाने चालू ठेवायचा. "भिंगरे, तू एका दारात उभी आहेस. आत कुणीतरी घोरतंय. काय करशील?" भिंगरी म्हणजे तीच. एका जागी ठरायची नाही म्हणून. ती म्हणायची, "गुदगुल्या करीन." दादा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "टाक फासा. चारच्या वर पडलं तर तो हसेल, नाहीतर तुला गिळेल." या तोंडी खेळात भुयारं कितीतरी मोठी होती. तिथे राक्षसाला दाढदुखी व्हायची, राजाची कवळी हरवायची. दादा पुढे कवळ्या बनवायला लागला त्याची सुरुवात तिथेच असावी, असं तिचं मत होतं. कधी कधी लाइट येऊनही दोघं कॉम्प्युटर लावायला विसरायची.

तर पडद्यावर दिवट्या उभा राहिला. तसाच, चौकोनी डोक्याचा. "अगं बाई," ती लेकीला म्हणाली, "हा बघ," आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की लेकीने तिच्याकडे वळून पाहिलं.

बाई खुर्ची ओढून बसल्या. उजवा हात बाणांवर गेला तो न विचारता, जणू कालच तिथून उठला होता. डावा हात मात्र हवेत राहिला. चालायचं कुठल्या अक्षराने? उडी कुठली? तिने एक दाबलं, दिवट्या खड्ड्यात पडला. दुसरं दाबलं, शिडीवरून पडला. हळूहळू अक्षरं सापडली, पण हात ऐकेना. डाव्या हाताकडे लक्ष द्यावं तर मशाल विझायची, उजव्याकडे द्यावं तर पाय घसरायचा. कसंबसं करत ती पुलापर्यंत पोचली. पूल सुट्या दगडांचा. दगडावर जास्त वेळ थांबलं तर दगड खाली जातो, आणि वरून वटवाघळं येतातच. लहानपणी तो पूल दोघं गप्पा मारत ओलांडायची. आता दिवट्या पडला. परत पडला. पडतच राहिला.

साऱ्या आगाराच्या गाड्या हलवणारी बाई एका माणसाला पुलापलीकडे नेऊ शकत नव्हती. मशीनमधले कपडे तसेच पडून राहिले. आगारातून फोन आला, तर ती खेकसली, "मी पुलावर आहे, नंतर बोला." पलीकडचा बिचारा वाहतूक नियंत्रक म्हणाला, "कुठल्या पुलावर, बाई? तिकडे गर्दी असेल तर गाड्या वळवतो."

लेक म्हणाली, "मी बसू का डावीकडे?" बसली. पोरीची बोटं चपळ, पण थांबेल तर शपथ. मशाल वर जायच्या आत दिवट्याला पळवायची. दोनदा पडल्यावर ती म्हणाली, "आई, मामा कसा खेळायचा?"

"मामा माझ्यासाठी थांबायचा," ती म्हणाली. आणि हे बोलून गेल्यावर तिला एकदम भरून आलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

नवरा कपडे वाळत घालायला निघाला होता. तो बादली घेऊन उभा राहिला. "फोन कर की त्याला," म्हणाला.

"खेळासाठी?"

"दुसऱ्या कशासाठी केलास का तीन वर्षांत?"

 तिने फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलंही होतं: कॉम्प्युटर चालू झाला, बरं वाटलं, वगैरे. पण दादाने "हॅलो" म्हणून तिचं बोलणं ऐकायच्या आधीच, मागची किरकिर ऐकून विचारलं, "पुलावर अडकलीस ना?"

"हो," ती म्हणाली.

"पुढच्या रविवारी दुपारी येतो," दादा म्हणाला.

आला. चपला काढल्या, हात धुतले, आणि डावीकडच्या खुर्चीवर बसला. कुणाला सांगावं लागलं नाही. पण यंत्रही इतक्या वर्षांनी आलेल्या पाहुण्यावर रुसलं असावं. नुसती घरघर, पडदा काळा. दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसली. बोलायला काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कुणी काढणार नव्हतं.

शेवटी लेकच म्हणाली, "मामा, आई सांगत होती, तुम्ही लाइट गेल्यावर काहीतरी खेळायचात. फासा आहे माझ्याकडे."

दादाने फासा घेऊन तळहातावर फिरवला. मग अगदी जुन्या, गंभीर आवाजात म्हणाला, "तू एका राजवाड्याच्या स्वयंपाकघरात उभी आहेस. आचारी रडतोय. काय करशील?"

"कांदा चिरत असेल," लेक म्हणाली.

"राजाने त्याला कामावरून काढलंय," दादा म्हणाला. "आणि राजाची कवळी त्या पातेल्यात पडलीय."

तिला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबवेना. लेकीने राजाला कवळी परत द्यायची ठरवली, फाशावर दोन पडलं, आणि कवळी चुकून प्रधानाच्या तोंडात गेली. मग प्रधान राजासारखा हुकूम सोडायला लागला. बाई मधेच घुसल्या आणि म्हणाल्या, त्या प्रधानाला मी पहाटेची पाळी लावते, सगळा तोरा उतरेल. दादा हसला. डोळे मिटून, खांदे हलवत, अप्पा हसायचे तसाच. तिने ते पाहिलं आणि तिच्या मनात आलं, हा माणूस चार दिवसांनी गावात नसेल.

लेक क्लासला गेली. नवरा कुठेतरी बाहेर होता. तेवढ्यात पडदा उजळला आणि दिवट्या मशाल घेऊन उभा राहिला.

दोघांनी हात ठेवले. पहिलं भुयार गेलं, दुसरं गेलं. कुणी काही सांगत नव्हतं. तिची मशाल वर गेली की त्याचं पाऊल पडायचं. शिडीपाशी ती अडखळली तर तो थांबला. तिला इतकं बरं वाटलं की वाटलं हे असंच चालू राहावं, खेळ संपूच नये. असं करत पूल आला. पहिला दगड, दुसरा.

"मला एकटीला नाही जमलं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "दोन्ही बाजू सांभाळताच येईनात."

"हं," दादा म्हणाला. तिसरा दगड.

"त्या दिवशी दवाखान्यात तू एकटाच होतास. माझा फोन खणात होता."

दादाचं बोट थांबलं. पायाखालचा दगड हलायला लागला, वटवाघूळ आलं, तिने ते हाकललं, पण दिवट्या पुढे सरकेना. मग दगडासकट खाली गेला. दोघांनीही पडद्यावरचे डोळे काढले नाहीत.

"अप्पा ऑपरेशनला जायला तयार नव्हते," दादा म्हणाला. "मी सांगत होतो, डॉक्टर सांगत होते, ऐकेनात. मला म्हणाले, भिंगरीचं काय म्हणणं? मी तुला फोन लावत होतो. लागला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ नाही. मग मी अप्पांना म्हटलं, लागला फोन. म्हटलं, ती हो म्हणाली."

तिने बाणांवरचा हात काढून घेतला.

"तर लगेच म्हणाले, ती म्हणाली ना, मग चला. माझ्या शब्दावर हलले नव्हते गं. तुझ्या नावाने गेले. तू नको नको म्हणत होतीस, आणि मी तुझं नाव घालून त्यांना आत पाठवलं. तू व्हरांड्यात विचारलंस, मला न विचारता? मी काय सांगणार होतो? तुला विचारलं नाही एवढंच नव्हतं ना."

तिला राग आला. खोटं कशाला सांगा, चांगलाच आला. कानशिलं तापली. आगारात तिच्या नावाने कुणी एक फेरी सोडली असती तरी तिने त्याला उभा चिरला असता, आणि इथे तर तिच्या नावावर बाप आत गेला होता. तिने बोलायला तोंड उघडलं. पण मग तिला दिसलं, ती त्या खाटेपाशी उभी आहे, अप्पा तिच्या तोंडाकडे बघताहेत, डॉक्टर घड्याळाकडे बघताहेत. ती काय म्हणाली असती? नको म्हणाली असती. आणि अप्पा त्याच खाटेवर, त्याच वेदनेत, तिच्या शब्दावर विश्वास टाकून राहिले असते. ते बरं झालं असतं का वाईट, हे तिला कळेना. आयुष्यात कळणारही नव्हतं. त्या सकाळी कुणालाच कळलं नसतं, आणि तरी कुणाला तरी ठरवावं लागलं.

"घाबरले होते का रे?" तिने विचारलं.

"तुझं नाव घेईपर्यंत होते. मग नाही. चांगले बोलत गेले. वॉर्डबॉयला म्हणाले, हळू ढकल, मी काही पळून जात नाही."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. "आणखी?" ती म्हणाली. "आणखी काय म्हणाले? मला काहीच माहीत नाही, दादा. मी आले तेव्हा दार बंद होतं."

दादाने चष्मा काढला. बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

"दारापाशी पोचल्यावर मला वाकायला लावलं," तो म्हणाला. "म्हणाले, ती धावत येईल, सकाळपासून उपाशी असेल. आली की आधी तिला जेवायला घाल, मग बोला काय बोलायचं ते."

"हे तू मला आज सांगतोयस?"

"हे सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

ती खुर्चीत मागे टेकली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. तीन वर्षं ती समजत होती की अप्पा तिची वाट बघत, तिच्यावर रुसून आत गेले. दादा जागेवरून उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. तिने तो हात धरला.

"बरं झालं माझं नाव घेतलंस," ती म्हणाली. "माझ्याने ते झालं नसतं."

 हात सोडवून दादा तिच्या स्वयंपाकघरात गेला. तिथे तिच्या परवानगीशिवाय नवराही चमचा हलवत नसे. आतून भांड्यांचा आवाज आला. एक झाकण पडलं, मग दुसरं. ताटं कुठे असतात ते त्याला माहीत नव्हतं, त्याने सगळी कपाटं उघडली असावीत. तिच्या जिभेवर आलं होतं, खालच्या फळीवर बघ म्हणून. पण ती बोलली नाही.

बऱ्याच वेळाने तो ताट घेऊन आला. भात गार, भाजी एका बाजूला सांडलेली, चमचा वाढायचा, मोठा. त्याने कीबोर्ड बाजूला सारला आणि ताट तिच्यासमोर ठेवलं.

"जेव," तो म्हणाला.

दुपारचं जेवण केव्हाच झालं होतं तिचं. तरी ती जेवली.